भाड्याच्या इमारतीचे कर्ज आणि मुदतपूर्व फेडीचा दंड : जळगावातले एक प्रकरण

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. चोपडा तालुक्यातले एक केळी उत्पादक माझ्या कार्यालयात दोन कागद घेऊन आले. एक होते एका बँकेचे नवे सँक्शन लेटर, म्हणजे कर्जाचे मंजुरीपत्र, व्याजदर ९.६० टक्के. दुसरे त्यांच्या जुन्या फायनान्स कंपनीचे फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज मुदतीआधी बंद करायला किती भरावे लागेल ते सांगणारे पत्र. त्यावर शिल्लक मुद्दलाखाली एक ओळ होती : मुदतपूर्व परतफेड शुल्क ४ टक्के, अधिक जीएसटी. रक्कम २ लाख १० हजार ७९५ रुपये.

त्यांना इथे नाना म्हणतो. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र हिशोबातलेच आहेत, थोडे गोल केलेले. नानांच्या संमतीने हे लिहितो आहे, कारण गेल्या काही वर्षांत असेच फोरक्लोजर लेटर घेऊन येणारे नाना एकटे नाहीत. केळी, कापूस, दालमिल, सराफी, जिथून पैसा येतो तिथून तो जळगावच्या दुकानांत आणि फ्लॅटांत जातो. भाड्याचा हिशोब सगळे करतात. कर्जातून बाहेर पडायला काय लागेल, हे मात्र खरेदीच्या वेळी कुणी विचारत नाही.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२१ मध्ये नानांनी जळगावच्या पिंप्राळा भागात एक छोटी इमारत घेतली. खाली दोन दुकाने, वर दोन फ्लॅट. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली धरून ७७ लाख पडले. त्यातले ४८ लाख कर्ज, १५ वर्षे मुदत, व्याजदर ९.७५ टक्के फ्लोटिंग (म्हणजे मधे बदलू शकणारा), हप्ता ५०,८४९ रुपये. दुकानांचे १४ हजारप्रमाणे २८ हजार आणि फ्लॅटांचे साडेनऊ हजारप्रमाणे १९ हजार, असे महिन्याचे भाडे ४७ हजार.

नानांच्या वहीत तेव्हाचा हिशोब एका ओळीत आहे : "हप्ता ५०,८४९, भाडे ४७,०००, खिशातून ३,८४९." एवढ्यावर व्यवहार ठरला. महापालिकेची घरपट्टी, रंगरंगोटी, दुकान रिकामे राहिले तर काय, दर वाढला तर काय, यातले काहीही त्या ओळीत नव्हते. २०२३ मध्ये एक दुकान पाच महिने रिकामे राहिले, तेव्हा नानांनी केळीच्या पैशातून हप्ते भरले.

कर्ज कसे मंजूर झाले तेही सांगितले पाहिजे, कारण सगळा गुंता तिथेच पडला. शेतीचे उत्पन्न कागदावर दाखवणे अवघड. एजंटाने तोड काढली : नाना ज्या केळी व्यापाराच्या भागीदारी फर्ममध्ये आहेत, त्या फर्मला सहकर्जदार करायचे. फर्मची विवरणपत्रे होती, बँक खात्यात उलाढाल होती. अर्जात कर्जाच्या हेतूपुढे एजंटाने "व्यवसाय" या चौकटीत खूण केली. नानांनी विचारले, "मधेच पैसा आला तर भरता येईल ना?" एजंट म्हणाला, "कधीही भरा नाना, काही लागत नाही." करार इंग्रजीत होता, तीसेक पानांचा. सह्या एका दुपारी झाल्या.

अडचण

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने पैसा देते तो) ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला. नानांचा दर आधी ११ आणि मग ११.७५ टक्के झाला. कंपनीने हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली. हप्ता बदलला नाही म्हणून नानांच्या लक्षातही आले नाही.

जानेवारी २०२५ पर्यंत ३९ हप्ते गेले होते, म्हणजे १९ लाख ८३ हजार रुपये. मुद्दल किती कमी झाले? ३ लाख ३४ हजार. शिल्लक ४४ लाख ६६ हजार. आणि त्याच हप्त्याने कर्ज फिटायला अजून २०२ महिने लागणार होते. पंधरा वर्षांचे कर्ज वीस वर्षांचे झाले होते.

कांदेबागाचा, म्हणजे केळीच्या एका हंगामाचा, पैसा डिसेंबरात हाती आला होता, ९ लाख. ५ लाखांची मुदत ठेव होती. नानांचा बेत सरळ होता : १४ लाख भरायचे, उरलेले कर्ज नव्या बँकेत न्यायचे. दंडाचा आकडा पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अहिराणीत म्हणाले, "मनाच पैसा मी लवकर फेडस, मंग दंड कसाले?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ग्राहकाला आधी मिळायला हवे, नंतर नाही. सावकार पंधरा वर्षांच्या व्याजाचा हिशोब धरून पैसा देतो. कर्ज लवकर फिटले की ते व्याज बुडते, शिवाय तो पैसा पुन्हा कुठेतरी लावावा लागतो. स्थिर दराच्या कर्जात हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. फ्लोटिंग दरात व्याज वाढण्याचा धोका ग्राहकानेच पेललेला असतो, त्यामुळे तिथे दंडाला फारसा आधार उरत नाही असे माझे मत आहे. रिझर्व्ह बँकेनेही हळूहळू तीच दिशा धरली.

नियम काय सांगत होते

जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना व्यक्तींच्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर हा दंड घ्यायला मनाई केली. मे २०१४ मध्ये ती मनाई व्यक्तींना दिलेल्या सर्व फ्लोटिंग मुदत कर्जांना लागू झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये बँका आणि बिगर बँक वित्त कंपन्यांसाठी खुलासा आला : व्यवसायाखेरीज अन्य हेतूसाठी व्यक्तींना दिलेल्या फ्लोटिंग मुदत कर्जावर दंड नाही, सहकर्जदार असो वा नसो.

नानांचे कर्ज फ्लोटिंग होते आणि मुख्य कर्जदार व्यक्तीच होती. अडले ते "व्यवसायाखेरीज" या शब्दापाशी. भाड्याने देण्यासाठी इमारत घेणे हा व्यवसाय आहे का? आयकरात हे भाडे घरमालमत्तेच्या उत्पन्नात धरले जाते, व्यवसायाच्या नाही. पण कंपनीकडे नानांच्या सहीचा अर्ज होता, त्यात "व्यवसाय" पुढे खूण होती आणि फर्म सहकर्जदार होती. आमची बाजू पोकळ नव्हती, पण पक्कीही नव्हती.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. उरलेले २०२ हप्ते म्हणजे सुमारे १ कोटी २ लाख ६० हजार रुपये. हा आकडा मोठ्याने वाचला तेव्हा वहिनी आत आल्या. त्या एका शाळेत शिक्षिका आहेत. त्या दिवसापासून प्रत्येक बैठकीला त्या हजर होत्या, आणि करार ओळीने वाचला तो त्यांनीच.

दुसरा पर्याय नानांच्या मनातला : दंड भरून लगेच नव्या बँकेत जायचे. दंड २ लाख ११ हजार. नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, वकील, गहाणखताचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून ५२ हजार. एकूण २ लाख ६३ हजार. दरातला फरक २.१५ टक्के, म्हणजे ४४.६६ लाखांवर वर्षाला साधारण ९५ हजारांची बचत. दंड भरून निघायला पावणेतीन ते तीन वर्षे. कर्ज लांब चालवायचे असेल तर हा सौदा वाईट नाही, आणि नव्या बँकेच्या माणसानेही नानांना हेच गणित मांडून दाखवले होते.

पण त्या गणितात एक गोष्ट गृहीत होती : शिल्लक ४४ लाखांच्या आसपास राहणार. नाना तर भराभर फेडायला निघाले होते. शिल्लक कमी झाली की दरातल्या फरकाची बचतही कमी होते, दंड मात्र एकदाच आणि पुरता जातो. म्हणून लवकर फेडणाऱ्याला दंड भरून कर्ज हलवणे परवडण्याची शक्यता उलट कमी असते. हे मला स्वतःला कागदावर आकडे मांडेपर्यंत इतके स्पष्ट दिसले नव्हते.

तिसरा पर्याय करारातच होता. एका आर्थिक वर्षात शिल्लक मुद्दलाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम स्वतःच्या पैशातून भरली तर शुल्क नाही. ही सवलत तीन वर्षे नानांच्या हाती होती आणि त्यांना माहीत नव्हती. ४४.६६ लाखांच्या २५ टक्के म्हणजे ११ लाख १६ हजार. ते भरून हप्ता तोच ठेवला, तर दर ११.७५ राहिला तरी मुदत २०२ महिन्यांवरून १०६-१०७ महिन्यांवर येत होती. दंड शून्य.

मला वाटले, आता युक्ती सापडली. २५ टक्के मार्चअखेर भरायचे, उसनवारी करून आणखी २५ टक्के एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, नव्या आर्थिक वर्षात, आणि मग उरलेल्या लहान शिलकीवर दंड भरून बाहेर पडायचे. वहिनींनी करार उलटून एक वाक्य दाखवले. शुल्क कशावर? फोरक्लोजरच्या दिवशीची शिल्लक, अधिक मागील १२ महिन्यांत केलेले सर्व आगाऊ भरणे. म्हणजे आधी भरलेले ११ लाख पुन्हा दंडाच्या हिशोबात येणार होते. मी करार पाहिला होता, पण शुल्काच्या तक्त्यापुरता. ती ओळ तक्त्यात नव्हती, व्याख्यांच्या पानावर होती. त्या दिवशी वहिनी नसत्या तर माझ्या सल्ल्याने नानांनी उसने पैसे आणून भरले असते आणि दंड तेवढाच लागला असता.

चौथा पर्याय कंपनीशीच बोलायचा. दर कमी करून मागायचा आणि दंडाला लेखी हरकत घ्यायची.

कराचा भाग

ओळखीच्या एका कर सल्लागाराने नानांना सांगितले होते, "दंड भरा, आयकरात वजा होतो." हे कायद्याने बरेचसे खरे आहे. नानांच्या त्या वर्षाला लागू असलेल्या आयकर अधिनियम १९६१ मधल्या व्याजाच्या व्याख्येत, कलम २(२८अ) मध्ये, कर्जासंबंधीचे सेवाशुल्क आणि इतर आकारही येत होते. त्या आधारे आयकर अपीलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने २०१३ मध्ये विंडरमियर प्रॉपर्टीजच्या प्रकरणात मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क कलम २४(ब) खाली, म्हणजे घरमालमत्तेच्या उत्पन्नातून वजा होणारे व्याज म्हणून, मान्य केले. भाड्याच्या मालमत्तेसाठी हा उपयोगी निर्णय आहे, पण तो न्यायाधिकरणाचा आहे, उच्च न्यायालयाचा नाही, हे ध्यानात ठेवून दावा करावा.

आता नानांच्या आकड्यांवर लावून पाहू. वर्षाचे भाडे ५ लाख ६४ हजार. घरपट्टी २४ हजार वजा. उरलेल्या ५.४० लाखांवर ३० टक्के सरसकट वजावट १ लाख ६२ हजार. राहिले ३ लाख ७८ हजार. व्याज ५ लाख २७ हजार. म्हणजे दंडाआधीच १ लाख ४९ हजारांचा तोटा. दंड मिळवला तर तोटा ३ लाख ६० हजार. जुन्या करप्रणालीत घरमालमत्तेचा तोटा इतर उत्पन्नातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वजा होतो, उरलेला आठ वर्षे पुढे ओढता येतो आणि तोही फक्त घरमालमत्तेच्या उत्पन्नाविरुद्ध. नव्या प्रणालीत इतर उत्पन्नातून वजावट नाहीच.

आणि नानांचे इतर उत्पन्न कोणते? शेतीचे करमुक्त. फर्ममधला नफ्याचा वाटा भागीदाराच्या हाती करमुक्त. फर्मकडून मिळणारा मोबदला आणि ठेवीचे व्याज मिळून करपात्र उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या आत. त्यांना कर लागतच नव्हता. मग दंडावर वाचणार काय? काहीच नाही. कर वहिनींना लागत होता, पगारावर, पण इमारत एकट्या नानांच्या नावावर होती, म्हणून वजावट त्यांच्याकडे जात नव्हती. दंडावर कर वाचेल असे धरून कुणी हिशोब करत असेल, तर आधी कर लागतो कुणाला ते बघावे.

दंडावरच्या १८ टक्के जीएसटीचे थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने कर्जाच्या मुदतपूर्व फेडीचे शुल्क करपात्र असल्याचे स्पष्ट झाले. नानांची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे तो कर परत मिळण्याचा मार्ग नाही. ४ टक्के म्हणजे प्रत्यक्षात ४.७२ टक्के.

काय ठरले, काय केले

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुदत ठेव मोडली. ठेव मोडल्याने व्याजात कपात झाली, तरी सातेक टक्क्यांच्या ठेवीपेक्षा ११.७५ टक्क्यांचे कर्ज फेडणे उघडच चांगले होते. ११ लाख १६ हजार भरले. उरलेले २ लाख ८४ हजार नानांनी पुढच्या बागेसाठी राखले. सगळा पैसा कर्जात ओतायचा त्यांचा आग्रह होता, २५ टक्क्यांच्या मर्यादेने तो थांबवला. मागे वळून पाहता बरेच झाले, कारण त्या उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या बदलाव्या लागल्या आणि तो पैसा हाताशी होता.

भरणा करताना एक बारीक गोष्ट निसटणार होती. कंपनीची पद्धत अशी की आगाऊ रक्कम आली की हप्ता कमी करायचा आणि मुदत तीच ठेवायची. आम्ही लेखी अर्ज दिला की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. पोच घेतली. पुढच्या महिन्याच्या विवरणात हप्ता कमीच झालेला दिसला. पोच दाखवून दुरुस्त करून घ्यावा लागला. पोच नसती तर वाद आमच्याच अंगावर आला असता.

त्याच वेळी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दंडाविरुद्ध पत्र दिले. मुद्दे तीन होते. मुख्य कर्जदार व्यक्ती आहे. दर फ्लोटिंग आहे. मंजुरीपत्रात हेतू "मालमत्ता खरेदी" असा लिहिलेला आहे. हे तिसरे आम्हाला वाचताना सापडले, अर्जात "व्यवसाय" आणि मंजुरीपत्रात "मालमत्ता खरेदी". चोविसाव्या दिवशी उत्तर आले : कर्ज व्यावसायिक हेतूचे, सहकर्जदार फर्म, शुल्क कायम. त्याच पत्रात पुढे होते की ग्राहकाची इच्छा असल्यास अर्धा टक्का रूपांतर शुल्क (दर बदलून देण्याचे शुल्क) भरून दर १०.७५ टक्के करता येईल.

इथे खरा निर्णयाचा क्षण आला. ग्राहकांच्या तक्रारींसाठी असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार नेता येत होती. ती विनामूल्य असते. संस्थेने तक्रार नाकारली किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर तेव्हा वर्षभराच्या आत ती दाखल करता येत होती. नानांना लढायचे होते. मी आकडे पुढे ठेवले. ३३.५० लाखांवर रूपांतर शुल्क जीएसटीसह १९,७६५ रुपये, आणि पहिल्या वर्षाची बचत ३३ हजारांच्या आसपास. म्हणजे ते शुल्क सात-आठ महिन्यांत वसूल. नवी बँक ९.६० देत होती, फरक १.१५ टक्के, पण नाना ज्या वेगाने फेडणार त्या वेगाने सहा वर्षांत ती बचत फार तर सव्वा लाख होती. त्यासाठी अडीच लाख खर्च करण्यात अर्थ नव्हता. नानांनी रूपांतर घेतले आणि तिथेच राहिले. तक्रार पुढे नेली नाही.

परिणाम

एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात नानांनी हप्ते नियमित भरले आणि जानेवारीत आणखी ६ लाख आगाऊ भरले, मर्यादेच्या आत. मार्च २०२६ अखेर शिल्लक साडेचोवीस लाखांच्या आसपास आहे. याच हप्त्याने कर्ज २०३१ च्या मध्यावर संपेल. मूळ मुदत ऑक्टोबर २०३६ होती आणि मधल्या काळात ती २०४१ पर्यंत गेली होती. दंडापोटी एक रुपयाही गेला नाही.

व्याज कमी झाल्याने आता भाड्यातून थोडे करपात्र उत्पन्न उरते. मागचा तोटा त्यातून वजा होतो, म्हणून विवरणपत्रात तोटा पुढे ओढण्याचा रकाना आम्ही दरवर्षी तपासतो.

निर्णय बरोबरच होता असे मात्र मी म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. बँकांची किरकोळ (रिटेल) फ्लोटिंग कर्जे ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाह्य मानक दराशी जोडलेली आहेत, म्हणून नानांना नव्या बँकेत ही कपात मिळाली असती. वित्त कंपन्यांवर ते बंधन नाही आणि नानांचा दर १०.७५ वरच राहिला. हे धरून हिशोब पुन्हा मांडला तर सहा वर्षांची बचत सव्वा लाखावरून सव्वादोन-अडीच लाखांवर जाते आणि दंडासह खर्चाशी जेमतेम बरोबरी होते. दर उतरतील की नाही हे तेव्हा ठाऊक नव्हते. पण "दर उतरले तर कुठली संस्था कपात आपल्यापर्यंत पोचवेल" हा प्रश्न मी विचारायला हवा होता, आणि विचारला नाही.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात आधी सहकर्जदार. फर्मऐवजी वहिनी सहकर्जदार आणि निम्म्या मालक असत्या, तर कर्ज दोन व्यक्तींचे झाले असते, हेतूपुढे "व्यवसाय" लिहायचे कारण उरले नसते आणि २०१९ च्या खुलाशाचा आधार भक्कम झाला असता. व्याजाच्या तोट्याचा निम्मा वाटाही कर भरणाऱ्या माणसाकडे गेला असता. पगाराच्या आधारावर कदाचित ४८ लाख मंजूर झाले नसते. तर मग इमारत लहान घ्यायची होती. नानांना हे पटत नाही, ते म्हणतात तेव्हा तीच इमारत हाताशी होती. त्यांचे म्हणणे मी खोडत नाही.

दुसरे, खरेदीच्या वहीत दंडाची ओळ. ४८ लाखांवर ४.७२ टक्के म्हणजे २ लाख २७ हजार, जवळजवळ पाच महिन्यांचे भाडे. पहिल्या काही वर्षांत इमारत विकावी लागली किंवा कर्ज हलवावे लागले तर हे पाच महिने गेले. घरपट्टी, दुरुस्ती आणि वर्षातला एक महिना रिकामा धरला तर नानांच्या हाती ७७ लाखांवर वर्षाला ४ लाख ६३ हजार उरतात, सहा टक्के. इतक्या पातळ परताव्यात पाच महिन्यांचे भाडे हा किरकोळ खर्च नाही. ही ओळ असती तर नानांनी ९.७५ आणि ४ टक्के दंडाची ऑफर दुसऱ्या एखाद्या बँकेच्या सव्वादहा टक्के आणि बिनदंडाच्या ऑफरशी ताडून पाहिली असती. केळीचा पैसा एकरकमी येतो. अशा माणसाला अर्धा टक्का जास्त देऊन फेडीची मोकळीक घेणे परवडते. पगारदाराचे गणित वेगळे.

तिसरे, भाषा. वित्त कंपन्यांनी कर्जदाराशी व्यवहार स्थानिक किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत करावा, असे रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता सांगते. नानांनी मराठी प्रत मागितली नाही, कंपनीने दिली नाही. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटी एकत्र देणारा कागद) बंधनकारक आहे, त्यात हे शुल्क स्वतंत्र दाखवावे लागते. सही करण्याआधी तो एक कागद मराठीत मागून घरी न्यावा आणि घरातल्या शिकलेल्या माणसाला वाचायला द्यावा.

चौथे लोकपालाचे. मी नानांना थांबवले ते पैशाच्या हिशोबाने. आज वाटते, तक्रार करूनही रूपांतर घेता आले असते, दोन्हीत विरोध नव्हता. मंजुरीपत्रातला "मालमत्ता खरेदी" हा शब्द आमच्या बाजूने होता. निकाल काय लागला असता सांगता येत नाही, पण मुदत हातात असताना मी ती वाट बंद केली. पुढच्या प्रकरणात तसे करणार नाही.

आता कर्ज घेणाऱ्यांसाठी

रिझर्व्ह बँकेने २ जुलै २०२५ रोजी मुदतपूर्व परतफेड शुल्काबद्दल नवे निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या फ्लोटिंग कर्जांना ते लागू आहेत. व्यक्तींच्या बिगर-व्यावसायिक कर्जावर दंड नाही. व्यक्ती आणि सूक्ष्म-लघु उद्योगांच्या व्यावसायिक कर्जावरही व्यापारी बँका दंड घेऊ शकत नाहीत. लघु वित्त बँका, ग्रामीण बँका, जिल्हा बँका आणि (ठेवींच्या आकारावरून ठरणाऱ्या) तिसऱ्या श्रेणीच्या नागरी सहकारी बँकांसाठी ही मनाई ५० लाखांपर्यंतच्या कर्जाला आहे. पैसा स्वतःचा की दुसऱ्या बँकेचा, हा भेद उरला नाही आणि किमान मुदतीची अटही नाही. नानांचे ४८ लाखांचे कर्ज आज एखाद्या व्यापारी बँकेत घेतले, तर "व्यवसाय" लिहिले तरी दंड लागणार नाही.

आपल्या भागात मात्र दोन ठिकाणी सावध राहावे लागेल. खान्देशात बरेच लोक पतसंस्थांकडून कर्ज घेतात. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येतात, रिझर्व्ह बँकेचे हे निर्देश त्यांना लागू नाहीत. तिथे उपविधी आणि कर्जरोखा काय म्हणतो तेच खरे. आणि लहान नागरी बँका व्यावसायिक कर्जाच्या या मनाईत येत नाहीत, म्हणून तिथे हेतूचा रकाना अजूनही तितकाच महत्त्वाचा आहे.

नानांचे साडू सध्या भुसावळला दोन गाळे बघत आहेत. मागच्या आठवड्यात नाना त्यांना घेऊन आले, सोबत वहिनींनी पेन्सिलीने खुणा केलेला आपला जुना करार. साडूंनी विचारले, दर किती मिळेल. नानांनी करार उघडून व्याख्यांचे पान त्यांच्यापुढे धरले. आम्ही अर्जाचा कोरा नमुना मागवला आहे, हेतूचा रकाना साडू स्वतः भरणार आहेत. नानांचा दर कमी करण्याचा दुसरा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जाईल.